काखा आणि वस्तरा

आमच्या आजोळी दर आठ-दहा दिवसांनी, उन्हे ओसरीच्या खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढण्याच्या सुमारास, गावचा न्हावी बगलेत धोकटी मारून येत असे, आणि अण्णा, म्हणजे माझे आजोबा, उघड्या अंगाने त्याच्यासमोर पाटावर बसत. प्रथम डोई होई, मग दाढी. मग वस्तरा पुन्हा चामड्याच्या पट्टीवर पाच-सात वेळा उलटसुलट फिरवला जाई, आणि 'हात वर घ्या, अण्णा' हे शब्द पुरते उमटण्यापूर्वीच अण्णांचा उजवा हात आपसूक वर जाऊन तळवा मानेमागे टेकलेला असे. हात असा ठेवला म्हणजे काखेची खोबण ताणून जवळजवळ सपाट होते. न्हावी वाटीतले पाणी बोटांनी तेथे जिरवी, आणि काखेतला केस एकाच दिशेने वाढत नसल्यामुळे एकदा वरून खाली व एकदा खालून वर असा हलक्या हाताने वस्तरा ओढून तो भाग स्वच्छ करी. मागून तुरटीचा खडा फिरे, अण्णा किंचित तोंड वाकडे करीत, आणि मग डावा हात. हे सारे अंगणातून पाण्याच्या घागरी नेणाऱ्या बायका, खंडाचा हिशेब घेऊन ओसरीवर बसलेले कूळ आणि खांबाआडून पाहणारी आम्ही पोरे यांच्या देखत चाले, आणि यात झाकण्याजोगे काही आहे असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

आज शहरातल्या एखाद्या तरुणाने आपण काखेतले केस काढतो असे चारचौघांत म्हटले तर दोघे हसतात, तिसरा हे जाहिरातींचे फॅड म्हणून मोडीत काढतो, आणि चौथा, जो बहुधा वयाने मोठा असतो, आमच्या काळी पुरुष असले काही करीत नसत असे ठामपणे सांगतो. या चौथ्या गृहस्थाचे स्मरण दगा देते आहे, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे. त्याच्या आजोबांनी, पणजोबांनी आणि त्यांच्याही पूर्वजांनी हे कर्म बिनदिक्कत करून घेतले आहे, आणि तेही दुसऱ्याच्या हातून, भर उजेडात.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा हक्क मुकर्रर असे आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर कुणबिकीतल्या पुरुषांची हजामत करणे हे त्याच्या वतनी चाकरीत मोडत असे. हजामत या शब्दाचा मूळ अरबी अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा. तो आपल्याकडे येता येता वस्तऱ्याला चिकटला, हे त्या धंद्याने जुन्या काळी किती कामे अंगावर घेतली होती याचे एक गमक आहे. या हजामतीत काखा धरलेल्या होत्या की नव्हत्या, याचा निर्वाळा सरकारी दप्तरांत शोधीत बसण्याचे कारण नाही. सेना न्हावी यांच्या, वारकऱ्यांच्या तोंडी असलेल्या सुप्रसिद्ध अभंगात तो सापडतो. आपल्या धंद्याचे एकेक उपकरण आणि एकेक क्रिया घेऊन सेना तिच्यावर अध्यात्माचे रूपक चढवतात: आरसा, चिमटा, डोईवर घोळलेले पाणी, शेंडी, आणि मग बगला व नखे. रूपक ऐकणाऱ्याला कळावयाचे तर त्यातली वस्तू त्याच्या रोजच्या ओळखीची असावी लागते. तेव्हा ज्या समाजात हा अभंग टाळमृदंगाच्या साथीने म्हटला गेला त्या समाजात बगला साफ करणे हे नखे काढण्याइतकेच साधे काम होते, असे मानावयास हरकत नाही. जाता जाता सांगावयास हवे की, परंपरेने याच सेनांचे मानले जाणारे एक पद गुरुग्रंथसाहिबातही आहे. ज्या पंथाने पुढे अंगावरचा एकही केस न काढण्याचे व्रत घेतले त्याच्या पूज्य ग्रंथात एका न्हाव्याची वाणी सुखाने नांदते आहे.

पण हे झाले मध्ययुगातले. मागे जावे तर गोष्ट थेट देवांपर्यंत जाते. तैत्तिरीय ब्राह्मणात चातुर्मास्य यागांच्या प्रसंगाने देव आणि असुर यांच्या क्षौराची एक चमत्कारिक कथा आहे. असुरांनी आधी डोक्याचे केस काढले, मग दाढीमिशा आणि शेवटी काखा. म्हणून ते खाली खाली जात पराभव पावले. देवांनी हाच क्रम उलटा केला. त्यांनी आरंभ काखांपासून केला, मग दाढीमिशा आणि अखेरीस डोके, आणि त्या वरवर जाणाऱ्या वस्तऱ्याबरोबर तेही स्वर्गाला पोचले. म्हणजे आमच्या आजोळचा न्हावी, जो डोईपासून सुरुवात करून काखांवर येत असे, तो अजाणता असुरांच्या पक्षाला जाऊन मिळालेला होता! या कथेत काखेसाठी योजलेला शब्द 'उपपक्ष' असा आहे. पक्ष म्हणजे पंख, आणि पंखालगतची जागा ती काख. लॅटिन भाषेतही पंखाला आणि काखेला एकच शब्द आहे. आपला 'काख' हा शब्द मात्र 'कक्ष'पासून आला, आणि कक्ष या संस्कृत शब्दाला वाळलेल्या गवताची दाटी असाही अर्थ आहे, जो या संदर्भात अगदीच अस्थानी वाटत नाही. त्याच कक्षाच्या नावाने आज सरकारी कचेऱ्यांतून अधिकारी नेमलेले असतात, पण तो विषय निराळा.

मौज अशी की, ज्या काखांपासून देवांनी क्षौराला आरंभ केला त्याच काखा उत्तरकालीन धर्मशास्त्राने क्षौरातून वगळल्या. प्रायश्चित्ताच्या आधी करावयाच्या वपनाचा संकल्प पुरोहित ज्या शब्दांत सांगतो त्यांत शेंडी, काखा आणि उपस्थ ही तीन स्थाने सोडून बाकीचे केस, दाढीमिशा, रोम आणि नखे काढावयाची असतात. शेंडी का वगळली हे उघड आहे. काखांच्या बाबतीत कारण बहुधा व्यावहारिक असावे असे मला वाटते: प्रायश्चित्त हे लोकांसमक्ष, ब्राह्मणांच्या पंक्तीसमोर व्हावयाचे कर्म, तर काखांची स्वच्छता ही घरची, नित्याची बाब, पापाच्या हिशेबात तिची नोंद करण्याचे प्रयोजन शास्त्रकारांना दिसले नसावे.

नित्याची बाब म्हणून तिची नोंद वैद्यांनी केली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सद्वृत्ताचे नियम सांगताना केस, दाढीमिशा, अंगावरचे लोम आणि नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत असे म्हटले आहे. म्हणजे सरासरी दर पाच दिवसांनी. वात्स्यायनाच्या नागरकाचे, म्हणजे शौकीन शहरी गृहस्थाचे, वेळापत्रकही याच्याशी आश्चर्यकारक रीतीने जुळते: स्नान रोज, अंग मर्दणे दिवसाआड, फेनक म्हणजे फेसाळ द्रव्याने अंग धुणे तिसऱ्या दिवशी, मुखाचे क्षौर चौथ्या दिवशी, आणि शरीराच्या आतल्या भागांचे पाचव्या किंवा दहाव्या दिवशी. एवढे सांगूनही त्या सूक्ष्मदर्शी ग्रंथकाराचे समाधान झाले नाही. झाकलेल्या काखेतला घाम सतत टिपत राहावे, अशी पुस्ती तो जोडतो. नागरकाला वीणा वाजवता यावी, पोपटाला बोलते करता यावे आणि काखेला घाम राहू देऊ नये, हे तिन्ही गुण त्याने एकाच गांभीर्याने सांगितले आहेत.

सर्वांचा मात्र यावर एकमताचा कौल नव्हता. बौद्ध भिक्षूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, शरीराच्या आडजागेचे केस काढवून घेण्यास, आजारपणाचा अपवाद सोडून, मनाई आहे. ती शौकीन गृहस्थांची चाल म्हणून भिक्षूला निषिद्ध ठरली, आणि निषेध केला जातो त्याअर्थी ती चाल गृहस्थांत होती, हा निष्कर्ष आपोआपच निघतो. उलट अकराव्या शतकात अल्बिरूनी लिहितो की हिंदू लोक अंगावरचे कसलेच केस काढीत नाहीत. हा विद्वान मनुष्य संस्कृत शिकलेला आणि डोळस होता, पण त्याने जो मुलूख पाहिला तो मुख्यत्वे पंजाबाकडचा. आणि आपल्याहून सर्व गोष्टींत उलटे असलेले लोक म्हणून हिंदूंचे वर्णन करण्याचा मोह त्या प्रकरणात त्याला आवरलेला नाही.

आता हरताळाकडे येतो, कारण या सबंध इतिहासात त्याच्याइतकी रोचक वस्तू दुसरी नाही. हरताळ म्हणजे गंधक आणि सोमल यांचे पिवळे खनिज. सुश्रुताने व्रणाच्या चिकित्सेचे जे साठ उपक्रम सांगितले त्यांत केस काढून टाकणे हाही एक आहे, कारण केसाळ जागेवरची जखम नीट भरत नाही. आणि त्यासाठी दिलेल्या योगांपैकी एकात शंखाचे चूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग आंबलेल्या शुक्तात वाटून लावावा असे आहे. शंखाच्या जागी कळीचा चुना घातला की हेच मिश्रण अरबी-इराणी हमामखान्यांतला 'नूरा' होते, जो शतकानुशतके स्त्रीपुरुषांनी काखेत व अन्यत्र फासला. मध्ययुगीन युरोपातल्या कृतींत तर लेप तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी त्यात पिसे बुडवून पाहावयास सांगितले आहे. पिसाचे केसर गळून पडले म्हणजे लेप तयार. याचे रसायन असे की, चुना आणि हरताळ पाण्यात एकत्र आले म्हणजे गंधकाचा एक तीव्र क्षार निर्माण होतो आणि तो केसाला बळकटी देणारे गंधकाचेच बंध तोडतो. केस मग कापावा लागत नाही, तो लिबलिबीत होऊन पुसला जातो. आज बाजारात मिळणाऱ्या केस काढण्याच्या मलमांत सोमल नसतो, थायोग्लायकोलेट नावाचे निराळे द्रव्य असते, पण ते तोडते तेच बंध, आणि त्याचा तो नकोसा दर्पही त्याच गंधकाच्या कुळातला. जुन्या लेपात धोका अर्थातच मोठा होता. क्षणभर अधिक ठेवला तर कातडी भाजून निघे.

हाच हरताळ आपले लेखक आणि लहिये दुसऱ्या कामासाठी वापरीत. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप दिला की अक्षर झाकले जाई आणि त्यावर नवे लिहिता येई. 'हरताळ फासणे' हा मराठी वाक्प्रचार त्यातूनच आला. एकच पिवळी पूड फडावरच्या कारकुनाने अक्षर नाहीसे करण्यासाठी खलात घोटावी आणि वैद्याने रोम नाहीसे करण्यासाठी चुन्यात कालवावी, हे मला तरी फार अर्थपूर्ण वाटते. निदान नियमांना हरताळ फासला म्हणताना तिचा हा दुसरा गुण कोणी लक्षात घेत नाही.

मुसलमान समाजात ही बाब वैद्याच्या सल्ल्यापुरती राहिली नाही, ती धर्माचरणात गेली. हदीसांत मनुष्याच्या निसर्गसिद्ध शुद्धतेच्या ज्या पाच गोष्टी गणल्या आहेत त्यांत सुंता, मिशा कातरणे, नखे काढणे यांच्याबरोबर काखेतले केस उपटणे हीही एक आहे, आणि चाळीस दिवसांपेक्षा अधिक काळ हे टाळू नये अशी मुदतही घातलेली आहे. शब्द 'उपटणे' असाच आहे. आता काखेतला केस उपटणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, चार मोठ्या आचार्यांपैकी इमाम शाफई यांच्याविषयी एक हकीकत सांगतात की, त्यांचा एक शिष्य भेटीस गेला तेव्हा न्हावी त्यांच्या काखेवर वस्तरा चालवीत होता; शिष्याची नजर ओळखून इमामसाहेब म्हणाले की दस्तूर उपटण्याचा आहे हे मी जाणतो, पण ती वेदना मला सोसवत नाही. ज्यांच्या शब्दावर कोट्यवधी लोकांचे आचार ठरले त्या पुरुषाने इतक्या सरळपणे आपली कळ कबूल करावी, यामुळे त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढलाच.

याच वेदनेचा आवाज रोममध्ये ऐकू येत असे. तत्त्वज्ञ सेनेका एकदा सार्वजनिक स्नानगृहाच्या वरच राहावयास होता, आणि तिथल्या गोंगाटाचे वर्णन करताना काखेतले केस उपटणाऱ्या धंदेवाईकाची तो तक्रार करतो: हा मनुष्य गिऱ्हाईक मिळवण्यासाठी चिरक्या आवाजात सारखा ओरडत असतो, आणि गप्प बसतो तो फक्त काख उपटताना, कारण तेव्हा त्याच्या ऐवजी गिऱ्हाईक ओरडते. दुसऱ्या एका पत्रात तो म्हणतो की कोणी पायांचेही केस काढून अति करतो, तर कोणी काखांचेही न काढून गबाळा राहतो. म्हणजे त्या कठोर स्टोइकाच्या लेखीसुद्धा पुरुषाने काखा स्वच्छ ठेवणे हा मध्यममार्ग होता.

आपल्याकडे काखेची नामुष्की झाली ती निराळ्या कारणाने, आणि ती करणारा सरकारी अंमल होता. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला. या रोगाच्या गाठी येतात जांघेत, काखेत आणि मानेला. 1897 साली साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना रांगेत उभे करून, हात वर करावयास लावून, त्यांच्या काखा चाचपण्यास सुरुवात झाली. पुण्यात तर गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. काखेत गाठ सापडली की माणसाची रवानगी इस्पितळात, त्याच्या आप्तांची छावणीत आणि त्याच्या चीजवस्तूंची पुष्कळदा जाळात. बायकांचीही तपासणी परक्या पुरुषांदेखत झाल्याच्या तक्रारी उठल्या, आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली तिच्या मागे हा संताप होता. केस उपटल्याने होणारे केसतूड किंवा साधी काखमांजरी आली तरी पोटात गोळा उठावा असे ते दिवस. 'काखा वर करणे' म्हणजे आपल्यापाशी काही नाही असे सांगून हात झटकणे. या वाक्प्रचाराला त्या वर्षांत स्थानकाच्या फलाटावर एक अगदी शब्दशः अर्थ आला. जी जागा गावच्या न्हाव्यापुढे माणूस निःशंकपणे उघडी करीत होता ती सरकारापुढे उघडी करण्याची सक्ती झाली तेव्हाच तिच्याभोवती प्रथम संकोच जमला असावा असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही.

दुसरे कारण विलायतेतून आले आणि ते अधिक गुळगुळीत होते. साहेबाचा न्हावी साहेबाची दाढी करी, डोक्याचे केस कापी आणि निघून जाई. काखांशी त्याला कर्तव्य नसे. 1904 मध्ये अमेरिकेत जिलेटच्या सेफ्टी रेझरला पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ती यंत्रे सरकारी खर्चाने वाटली गेली, आणि पुरुषाची दाढी न्हाव्याच्या हातून त्याच्या स्वतःच्या हातात आली. त्याच सुमारास, 1915 मध्ये, बिनबाह्यांचे झगे प्रचारात येताच त्या कंपनीने बायकांच्या काखांसाठी सोनेरी रंगाचा छोटा वस्तरा बाजारात आणला आणि मासिकांतून केस काढण्याच्या पुडींच्या जाहिराती झळकल्या. तेव्हापासून पाश्चात्त्य देशांत काखा स्वच्छ करणे हे स्त्रीचे कर्म ठरले, आणि इंग्रजी शिकलेल्या आमच्या मंडळींनी दाढीच्या साबणाबरोबर हा समजही घरी आणला. पुढे 1953 मध्ये अमेरिकेतल्याच त्वचातज्ज्ञांनी प्रयोगांती असे दाखवले की काखेतला घाम मुळात निर्गंध असतो, दुर्गंधी जंतूंमुळे येते आणि केस काढलेल्या काखेत ती चोवीस तास तरी येत नाही; पण वात्स्यायनाला जे उमगले होते ते त्यांनी सिद्ध करेपर्यंत शहरी मराठी पुरुषाने हात खाली घेतलेला होता.

बलुते मोडले, न्हावी ओसरीवरून उठून बाजारपेठेतल्या सलूनमध्ये गेला, आणि पाटाच्या जागी फिरती खुर्ची आली. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीने वस्तऱ्याचे पोलादी पातेही गेले आणि त्याच्या खाचेत दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड बसू लागले, जे वस्तुतः फार पूर्वीच व्हावयास हवे होते. तालुक्याच्या गावांतून मात्र दाढी संपताच दंडावर बोटाने हलकेच टिचकी मारण्याची कारागिराची खूण अजून जिवंत आहे. त्या टिचकीचा अर्थ ज्याला कळतो तो सदरा काढतो, ज्याला कळत नाही तो पैसे देऊन उठतो.

गेल्या पावसाळ्यात आजोळच्या वाटेवर अशाच एका गावी मी दाढीला बसलो असता ती टिचकी माझ्या दंडावर पडली. मी मान हलवली. कारागीर पंचविशीचा असेल. त्याने दाराचा पडदा ओढला, बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या दोघांकडे एकदा पाहिले, आणि खुर्ची आरशाकडून भिंतीकडे वळवून घेतली. मग त्याने ब्लेड बदलले, बोटे पाण्यात बुडवली आणि काही बोलावे म्हणून तोंड उघडले, पण तोवर माझा उजवा हात वर जाऊन तळवा मानेमागे टेकला होता.